तेल काढलेली गाडी

मिस्त्रींची बायको सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलत नसे. साऱ्या रस्त्याला हे ठाऊक होतं. दिवसाचा पहिला अर्धा भाग देवाचा आणि उरलेला माणसांचा, अशी तिनं वाटणी करून घेतली होती, आणि ती आजारपणात, पाहुण्यारावळ्यांत, भांडणातसुद्धा पाळली होती. गॅरेजच्या काउंटरवर बसून ती बोटांनी आकडे सांगे, मानेनं हो-नाही करी. गिऱ्हाइकं म्हणत, "वहिनींशी घासाघीस करायची सोय नाही. समोरून शब्दच येत नाही, तर भांडायचं कशाशी?"

समोरच्या दुकानातली शिंपीणबाई मात्र टोचून बोलायची. "मांजरीचं वैराग्य हो, दूध दिसेपर्यंत! एक दिवस निसटेलच शब्द तोंडातून. मी इथंच बसलेय बघायला." ती हसतच म्हणायची, आणि मिस्त्रींची बायकोही हसायची. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं. जपाला बसलं की देवाच्या आधी शिंपीणबाईच डोळ्यांपुढे यायची.

त्या सकाळी लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी होती. गाडीखाली उतरून काम करता यावं म्हणून मिस्त्रींनी तो खड्डा बांधून घेतला होता. व्हॅनचं इंजिन सीटखाली, त्यामुळे सीट पाडून ठेवली की बाहेरून काही कळायचं नाही. मिस्त्रींनी खालचा नट काढून जुनं ऑइल टबात सोडलं. डांबरासारखं काळं आणि पाण्यासारखं पातळ झालं होतं. "ह्यात आता वंगण कुठलं, नुसती काजळी," असं पुटपुटत त्यांनी जुना फिल्टर फिरवून काढला. नवा खोक्यातून काढला, तर त्याचे आटे वेगळे. दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचा दिला होता.

"अगं," हात पुसत ते म्हणाले, "इंजिन कोरडं आहे. मी फिल्टर बदलून आणतो. तोवर गाडीला कुणाला हात लावू देऊ नकोस." तिनं मान हलवली. किल्ली त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या खिशात टाकली.

ते गेले आणि लाँड्रीवाला धापा टाकत आला. "वहिनी, झाली ना गाडी? हॉटेलवाला डोक्यावर बसलाय. चादरी आल्या नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याला देतो म्हणतो."

तिनं दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"कळलं, कळलं. पैसे संध्याकाळी आणून देतो."

ती काउंटरमागून धावत आली. खाली टबाकडे बोट दाखवलं, व्हॅनच्या पत्र्यावर थापा मारल्या. लाँड्रीवाला दार उघडून आत चढलासुद्धा. "तुमचे हात तर माझ्या बायकोच्या तोंडापेक्षा जास्त चालतात हो!" म्हणत त्यानं स्वतःच्या खिशातून दुसरी किल्ली काढली.

त्यानं स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं, पण लागलं नाही.

त्या वेळी तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं. शिंपीणबाई दारात उभी होती. हातातली सुई थांबली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की आज काहीतरी घडतंय आणि आज शब्द निसटणार. 'थांबा' हा शब्द मिस्त्रींच्या बायकोच्या जिभेवर येऊन उभा राहिला. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि बोलण्याऐवजी गाडीपुढे जाऊन आडवी उभी राहिली.

दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. लाँड्रीवाल्यानं गाडी मागं घेतली, तिला हात केला आणि वळून निघून गेला.

खड्ड्यात टब राहिला. त्यातलं काळं ऑइल अजून हलत होतं.

पुलापर्यंत व्हॅन गेली. ऑइल नसलं की पेटणारा लाल दिवा केव्हाच गेलेला. मिस्त्री दर खेपेला सांगत, तो बसवून घे, आणि लाँड्रीवाला दर खेपेला पुढच्या वेळी म्हणे. आधी खडखड झाली, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि मग इंजिन जाम. तो चालत गॅरेजला परतला तेव्हा मिस्त्री नवा फिल्टर हातात धरून रिकाम्या खड्ड्याकडे बघत उभे होते.

पुढचं सगळं रस्त्याच्या देखत झालं. "तेल काढून गाडी अशीच सोडून जातो कुणी? एक चिठ्ठी तरी लावायची काचेवर!" लाँड्रीवाला ओरडत होता.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त. दुसरी असेल हे ध्यानातच आलं नाही."

"आणि ह्या वहिनी..."

"तिला कशाला मध्ये घेतोस? तिचं मौन असतं, तुला माहितेय. तिला जेवढं करता आलं तेवढं तिनं केलं असणार."

शिंपीणबाई रस्ता ओलांडून आली होती. "केलं की! मी डोळ्यांनी पाहिलं. बिचारी गाडीपुढे आडवी झाली. पण शब्द काढला नाही हो! मीच मेली इतके दिवस थट्टा करत होते. अशी निष्ठा कुठं बघायला मिळते?" आणि तिनं खरोखरच हात जोडले.

बारा वाजून गेले. मिस्त्रींच्या बायकोनं तोंड उघडलं नाही. जेवताना मिस्त्री म्हणाले, "आज बोलणार नाहीस का? मनाला लावून घेऊ नकोस. मी त्याचं इंजिन माझ्या खर्चानं बांधून देईन." तिनं ताटातला घास नुसता फिरवला. संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे बसली, पण माळ हातात घ्यायला धजली नाही. ज्याच्यासाठी ती गप्प राहिली असं सगळे म्हणत होते, त्या देवाची त्या क्षणी तिला आठवणही झाली नव्हती. तिला फक्त समोरच्या दारातल्या त्या हसण्यावर मात करायची होती, आणि ती तिनं केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाँड्रीवाला आपल्या भावाला घेऊन आला. व्हॅन ओढून आणली होती. गॅरेजमध्ये दोन ट्रॅक्टरवाले नंबर लावून बसले होते. भाऊ त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बघा बुवा, इथं गाडी टाकताय खरी. हे मिस्त्री आता विसरायला लागलेत. वय झालं."

एक ट्रॅक्टरवाला उगाच घड्याळाकडे बघू लागला. मिस्त्री खाली मान घालून पाना शोधत राहिले.

"ते विसरले नव्हते," ती म्हणाली.

घड्याळात नऊसुद्धा वाजले नव्हते.

"इंजिन कोरडं आहे, गाडी हलवू देऊ नको, असं मला सांगून गेले होते. मला ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही. दोष माझा आहे, त्यांचा नाही."

"अगं बाई, मौन मोडलं!" शिंपीणबाई दारातून किंचाळली.

लाँड्रीवाल्याचा चेहराच बदलला. त्यानं भावाचा दंड धरला. "चल. ह्या माउलीनं नवऱ्याची अब्रू वाचवायला व्रत मोडलं, दोषही स्वतःच्या अंगावर घेतला. आता आपण काय बोलायचं? वहिनी, तुमच्या पाया पडायला पाहिजे. मिस्त्री, तुमच्या सवडीनं करा काम." ट्रॅक्टरवाल्यांनीही माना डोलावल्या. ती "तसं नाही हो" म्हणत राहिली, आणि ती जितकं म्हणेल तितका सगळ्यांना तो तिचा विनय वाटत गेला.

मिस्त्री मात्र पाना घेऊन व्हॅनकडे वळले. दुपारी त्यांनी इंजिन उतरवलं आणि तिला बॅटरीचा उजेड धरायला बोलावलं. क्रँकवर बोट फिरवलं तर खरवडून निघालेल्या रेघा बोटाला लागत होत्या. बेअरिंगची चकती निघाली ती पत्र्याच्या कपट्यासारखी वाकडी.

"पहिल्या स्टार्टरला लागली का गाडी?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुसऱ्या."

"म्हणजे वेळ होता."

"होता."

ते चकती उलटीपालटी करून बघत राहिले. "शिंपीण बघत होती?"

"हो."

त्यांनी चकती पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "काल मी त्याच्यासमोर छातीठोकपणे म्हटलं, तिला जेवढं करता आलं तेवढं तिनं केलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "जा. त्याला नीट सांगून ये. मला वाचवायला तू खोटं बोललीस असं त्याला वाटतंय. माझी अब्रू अशी नको मला."

लाँड्री दोन रस्ते सोडून होती. मागच्या अंगणात तारेवर जागा नव्हती एवढ्या चादरी होत्या, आणि तरी कोपऱ्यात बोचक्यांचा ढीग तसाच पडला होता. लाँड्रीवाल्याची बायको आणि तिच्या सासूबाई एका ओल्या चादरीची दोन टोकं धरून पिळत होत्या. लाँड्रीवाला हातगाडीवर बोचकी रचत होता.

"या या, वहिनी! अगं, ह्याच त्या."

तिनं पदरात हात गुंडाळले आणि उभ्या उभ्या सांगितलं. शिंपीणबाईची थट्टा, स्टार्टर एकदा फुकट गेलेला, जिभेवर आलेला शब्द. "व्रतासाठी नाही गिळला मी. तिच्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून गिळला."

हातगाडीवर अर्धवट ठेवलेलं बोचकं लाँड्रीवाल्यानं परत खाली ठेवलं. आता त्याला पटलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"मग ओरडायचं की हो, बाई," तो म्हणाला. "नुसतं थांब म्हणायचं. मी थांबलो असतो."

त्यानं आवाज चढवला नाही. हातगाडीचे दांडे उचलले आणि तिला वळसा घालून तो फाटकाबाहेर पडला. हॉटेल गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

सासूबाईंना दम लागला होता. त्यांनी चादरीचं टोक सोडलं आणि पायरीवर बसल्या. ते टोक जमिनीला टेकायच्या आत मिस्त्रींच्या बायकोनं पुढे होऊन धरलं आणि पिळायला सुरुवात केली. लाँड्रीवाल्याची बायको क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग जवळ आली, तिच्या हातातून ते टोक हलकेच सोडवून घेतलं, आणि एकटीच पिळू लागली.

"राहू दे," ती म्हणाली. "आमचं आम्ही करू."