सारजाबाईने पारखलेली सायकल

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! मी एक जुनी सायकल आहे, आणि या वयात खोटं बोलून मला काय मिळवायचं आहे? मोशीला गेनबाच्या पडवीत उभी असते. गेल्या दिवाळीपासून कारखान्याची मोटार गावात येऊ लागली, तेव्हापासून माझ्या हँडलवर कोंबड्या बसतात. बसू देत. एके काळी या हँडलला बघून वाघ वाट सोडायचे.

माझा जन्म कुठे झाला, ते आठवत नाही. पण मला घडवताना लोखंड कमी पडलं म्हणून एक आख्खी तोफ वितळवली होती, एवढं नक्की. बारा वर्षं मी एका पोस्टमनचं टपाल वाहिलं. पुढे चिंचवडला दत्तोबाच्या सायकलींच्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून राहिले.

तिथे पंचावन्न साली गेनबा आणि त्याची बायको सारजाबाई आली. पिंपरीच्या नव्या कारखान्यात गेनबाला काम लागलं होतं. सातचा भोंगा. पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाला, की नाव कापलं. वाट सहा मैलांची, एस.टी.चा नेम नाही. पाच भावांचं पोट घरच्या शेतावर भरत नव्हतं. नोकरी टिकवायचीच, असं दोघांनी ठरवलं होतं.

दत्तोबाने एक हिरवी, चकचकीत सायकल पुढे केली. पण सारजाबाईचा बाप चाकणच्या बाजारात बैल पारखायचा. तिने सायकलीही तशाच पारखल्या. हिरवीवर सोबत आणलेलं कांद्याचं पोतं ठेवलं, तर ती डुलली.

"ही बुजती," सारजाबाई म्हणाली.

मग तिने माझ्या सीटवर थाप मारली, चाकं चाचपली, पोतं लादलं. मी जागची हलले नाही.

"हीच घ्यायची. अंगानं भरलेली हाय."

"वहिनी, अंगानं भरलेली म्हंजी चालवणाऱ्याच्या जिवाला घोर," दत्तोबा कळवळला. "सायकल हलकी बघून घ्यावी. बैल न्हवं ह्यो!"

"हलका बैल काय चाटायचा हाय?"

गेनबाने पैसे मोजले. घरचे बैलही तिनेच निवडलेले होते.

पहिल्या आठवड्यात त्याला दोनदा उशीर झाला. वाऱ्यामुळे हं, माझ्यामुळे मुळीच नाही! मग तो अर्धा तास आधी निघू लागला. चढावर उतरायचा नाही, पाणी प्यायला थांबायचा नाही. महिना संपत आला, आणि अगदी शेवटच्या दिवशी भोसरीच्या पुढे बाभळीचा काटा माझ्या चाकात घुसला. फुस्स! पिंपरी अजून तीन मैल. तिसरा उशीर, की संपलं.

मित्रांनो, दुसरी एखादी तिथेच आडवी झाली असती. मी हवेशिवाय धावले! गेनबा नुसता सीटवर बसून होता, पायडलला पायसुद्धा लावला नाही त्याने. वाटेत मी एक मोटार मागे टाकली. भोंगा तोंड उघडतो आहे, तोवर आम्ही फाटकाच्या आत! म्हणून सांगते, जो आपलं ओझं वाहतो, त्याला जपा, त्याला वेळच्या वेळी तेल द्या. त्या दिवशी गेनबाला माझ्या पाठीवरून...

"थांब! कुणाच्या पाठीवरनं?" पडवीत पोरांच्या घोळक्यात शेंगा फोडत बसलेली सारजाबाई ताडकन उठली. "पोरांनो, समदं खोटं हाय. तीन मैल ही बया ह्यांच्या खांद्यावर बसून गेली! लोकं म्हणत व्हती, अरं, ढकलत ने. तर हे म्हणले, काटा रुतलेल्या बैलाला कुणी चालवतं व्हय? आन् सुटले पळत. फाटकात पाय टाकला आन् भोंगा झाला. खांद्याचं सालटं निघालं व्हतं, त्याला चार दिस तेल-हळद म्या चोळली. मला सांगतीस व्हय गं?"