लोर्ना गुरुवारी येणार नाही, एवढंच

दार उघडलं तर पायरीवर चौथं भांडं! बटाट्याच्या थराखाली खिमा, वरून फॉइल, तळाशी चिकटपट्टीवर भांड्याच्या मालकिणीचं नाव. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या गावात पायरीवर अशी भांडी यायला लागली, की घरात आजारपण आहे हे सगळ्या आळीला कळतं.

लोर्ना हॉगेनने तर कुणालाच सांगितलं नव्हतं. गुरुवारी तिच्या छातीतल्या गाठीची तपासणी होती. म्हणून तिने फोनमधल्या मदतनिसाला, म्हणजे कामं परस्पर उरकणाऱ्या प्रोग्रॅमला, चर्चच्या गायनसरावाची सुट्टी कळवायला सांगितलं. त्याने ती चर्चच्या तसल्याच मदतनिसाला, तिच्या फोनमध्ये वाचलेल्या कारणासकट कळवली. चर्चच्या मदतनिसाने लगेच तिच्या घरी जेवण पोचवायच्या पाळ्या लावल्या आणि लोर्नाचं नाव, गाठीसकट, प्रार्थनेच्या यादीत घातलं. यादी दुपारी बाराला सगळ्या सभासदांना जाणार होती. त्यांत सिएटलची क्रिस्टनही होती. लोर्नाची लेक, आठवा महिना.

फोनवर हे सगळं वाचून साडेअकराला लोर्ना चर्चच्या कार्यालयात पोचली. चिटणीस आर्डिस, तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, एकटीच होती. यादीतून नाव काढ म्हटल्यावर ती दुखावलीच.

"अगं, प्रेमापोटीच केलंय ना सगळ्यांनी? त्यात लपवायचं काय?"

"लपवायचं नाहीये, सांगायचंच आहे. पण मी सांगणार, आणि आधी माझ्या लेकीला."

मशीनला एवढं कुठे कळतं, असं आर्डिस पुटपुटली.

"तीस वर्षं या गावाचं टपाल वाटलंय मी. कोर्टाची पाकिटं, इस्पितळाची पाकिटं. तुझ्या नवऱ्याला, रॉजरला, दारू सोडवण्याच्या केंद्राचं यायचं. कधी बोलले?"

आर्डिसचा हात चष्म्याच्या दोरीवर थांबला. अकरा वर्षं ती समजत होती, की हे गावात कुणालाच ठाऊक नाही.

"घरी माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही," लोर्ना म्हणाली. "मशीनलाही तेवढंच जमायला हवं. लोर्ना गुरुवारी येणार नाही, एवढंच. का, ते माझं."

बाराला चार मिनिटं असताना आर्डिसने नाव काढलं. मग चर्चच्या मदतनिसाला बजावलं, की कारण विचारायचं नाही आणि आलंच तर ठेवायचं नाही. लोर्नानेही पहिल्या दिवशी न वाचता दिलेल्या परवानग्या एकेक करून मागे घेतल्या. चूक तिचीही होतीच.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला. लोर्नाने क्रिस्टनला स्वतः फोन केला. त्याच दुपारी आर्डिस आपलं रिकामं भांडं न्यायला आली, थंडीबद्दल बोलली, आणि काहीही न विचारता गेली.

आपली कामं करायला आपण खुशाल मदतनीस ठेवू. पण निरोप्याकडे निरोपापुरतंच द्यायचं, आणि जास्त मागणाऱ्याला नाही म्हणायचं. आपल्या घरातली बातमी कुणाला, कधी सांगायची, हे आपणच ठरवणार!