मागच्या शिटावरची बाई

नळदुर्गच्या घाटात दुधाच्या टँकरनं नंदीशच्या गाडीला मागून ठोकलं होतं, हे गॅरेजमधून परत आलेली गाडी बघून कुणाला खरं वाटलं नसतं. डिकी नवी, काच नवी, आणि रंग असा जुळवलेला की जुना पत्रा कुठं संपतो ते खुद्द नंदीशला सापडेना. पण गाडी विकायला काढली आणि उमरग्यातल्या सगळ्या शहाण्यांना एकदम दृष्टी फुटली. येईल तो गाडीभोवती एक फेरी मारायचा, बोटानं पत्रा वाजवायचा, "ठोकलेली हाय न्हवं?" म्हणायचा आणि निम्म्या भावात मागायचा.

नंदीशच्या हे फार जिव्हारी लागलं. अडत दुकानदार माणूस तो, आपल्या मालाला कुणी नाव ठेवलं की त्याला घास गिळवत नसे. टँकरच्या विमा कंपनीनं दुरुस्तीचा खर्च दिला होता, पण गाडीची उतरलेली किंमत कोण देणार? त्यानं धाराशिवला अमरसिंह वकिलाला गाठलं.

"तीही मागता येते," वकील म्हणाला. "पण नुसतं तुमच्या तोंडानं भागायचं नाही. गाडी बघून सोडून गेलेली माणसं कोर्टात उभी करा."

इथंच घोडं पेंड खात होतं. गाडी सोडून जायला सगळे एका पायावर तयार, कोर्टात यायचं म्हटलं की ज्याला त्याला शेतात काम निघायचं. मग एक दिवस मुरूमचा सिद्धलिंग गाडी बघायला आला. तोही काहीबाही पुटपुटून निघायला लागला, तेव्हा नंदीशचं डोकं फिरलं. याला असं काहीतरी सांगायचं की हा कुठंही छातीठोक बोलेल.

"तुमच्यापासून लपवत न्हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "धडक बसली तवा मागच्या शिटावर बाई होती. ती गेली."

सिद्धलिंग दोन पावलं मागं सरला. "कोण बाई?"

घ्या! आता बाई कुठून आणायची? धडकेच्या वेळी मागं खरोखरच एक बाई होती, नंदीशची बायको शिवरंजनी. तिला साधं खरचटलंही नव्हतं. पण घाईत तोंडाला तीच आली. "हिरव्या साडीतली," तो म्हणाला. "हनुवटीवर तीळ होता."

"असली गाडी फुकट दिली तरी नको बाबा," सिद्धलिंग म्हणाला. "कोर्टातच काय, कुठंबी सांगतो."

नंदीशनं घरात जाऊन हसत हसत सगळं सांगितलं. शिवरंजनीनं कपाळावर हात मारला. "अगं यव्वा! चांगली जिती बायको मारली की हो तुम्ही! दुसरं कुणी घावलं न्हाय?"

"अगं, मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं."

"मग वाढवा की," ती हसून म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्यानं वाढवलं. पुढच्या दोन्ही गिऱ्हाइकांना तीच बाई सांगितली. गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो! बाजारात भाजीवालीनं शिवरंजनीच्या हातातली मेथीची जुडी काढून मागच्या बाईला दिली. शेजारची हर्षाली दारात आली आणि समोर उभ्या असलेल्या शिवरंजनीच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "घरात कुणी हाय का?" शिवरंजनी आधी चिडली, मग भांडली, आणि मग बोलेनाशीच झाली. "भितात गं तुला, येडी माणसं," नंदीश म्हणायचा. पण रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना, हेही तो आता बघायचा.

अशात सास्तूरहून शांताक्का आली. गाडी तिच्या लेकाला घ्यायची होती, पण त्यांच्या घरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी घरातल्या म्हातारीला मागं बसवून बघायची रीत. तिला जड वाटलं तर सौदा मोडायचा. म्हातारी मागचं दार उघडून वाकली आणि थबकली.

"सर की गं जरा," ती मोकळ्या शिटाला म्हणाली, आणि अंग चोरून कडेला बसली.

नंदीशच्या अंगावर सर्रकन काटा आला. बऱ्याच वेळानं म्हातारी उतरली. "बाई गुणाची हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पर आपुन मेलोय हे तिला ठावंच न्हाय."

"अक्का, कुणी मेलं न्हाय हो! मीच उठवलं ते. खोट्या आवईनं आयुष्य वाढतं न्हवं?"

"परक्यानं उठवली तर वाढतंय, बाबा. कुंकवाच्या धन्यानंच उठवली, तर तुझा शबूद मोडायचा कुणी?"

नंदीश धावत घरात गेला. शिवरंजनी चुलीपाशी होती. त्यानं तिचं मनगट धरलं, ते ऊन लागलं, आणि तो लहान पोरासारखा रडला. खड्ड्यात गेली ती गाडी आणि तिची किंमत! भर कोर्टात खरं सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. तारखेला तो तिला सोबत घेऊन निघाला. "मागं नको, पुढं बस," तो दोनदा म्हणाला.

कोर्टात सिद्धलिंगनं छातीठोक साक्ष दिली. विमा कंपनीचा वकील उठला. "पोलिसांच्या कागदात तर कुणी मेल्याची नोंद नाही. मग ही बाई कोण?"

"साहेब, म्या खोटं बोललो!" नंदीश मध्येच उभा राहिला. अमरसिंह त्याचा सदरा ओढत होता. "ती माझी बायको हाय. जिती हाय. मला भरपाई नको, काय नको. ती बगा, मागं बसलीय."

न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडं पाहिलं, मग नंदीशकडं. "नाव पुकारा," ते शिपायाला म्हणाले.

शिपाई दारात गेला. "शिवरंजनी नंदीश कोरे, हाजिर हो!"

"हाय की, हाजिर हाय," शिवरंजनी पदर सावरत उठली. शिपाई बाहेरच्या व्हरांड्यात बघत राहिला.

"शिवरंजनी नंदीश कोरे, हाजिर हो!"

"अहो भाऊ, तुमच्या मागं," ती मध्यभागी येऊन म्हणाली. नंदीश ओरडला, "ही काय, ही!" सगळ्यांनी त्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं आणि मग त्याच्याकडं पाहिलं. सिद्धलिंगनं खाली मान घातली. अमरसिंहनं नंदीशच्या पाठीवर हात ठेवला.

शिपायानं तिसऱ्यांदा नाव घेतलं. शिवरंजनी आता शिपायाकडं वळलीच नाही. ती नंदीशच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं त्याला हाक मारली. तिचे ओठ हललेले त्यानं पाहिले. आवाज मात्र आला नाही.