दाराशी सांगितलेल्या गोष्टी

पाळणाघरात तिला सगळे रेडिओमावशी म्हणत, आणि ते काही उगीच नाही. बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळी आईबाप पोरांना न्यायला आले की ही दाराला टेकून दिवसभराच्या बातम्या देणार. कुणी घास थुंकला, कुणी कुणाची वेणी ओढली, कुणाची चड्डी ओली झाली. पोरं तिचा एप्रन ओढत म्हणत, "मावशी, सांगू नको ना." मावशी हसे आणि हमखास सांगे.

या बातम्या सगळ्यांत जास्त मन लावून ऐके तो चिमणीचा बाप. चिमणी चार वर्षांची. आई दुसऱ्या शहरात नोकरीला, सुट्टी मिळेल तशी येणारी. एकटा बाप पोरीचं किती करतो, म्हणून सगळ्या बायका त्याच्यावर खूश. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडाला पेपरमिंटचा वास. "काय मावशी, आज काय पराक्रम आमच्या राणीसरकारांचा?" असं तो रोज विचारी. अधूनमधून चॉकलेटचा डबा आणी. त्यातली सगळ्यांत जास्त मावशीनेच खाल्ली होती.

त्या दुपारी चिमणीने अंगावर पाणी सांडून घेतलं. मावशीने तिला मोरीत नेऊन ओला फ्रॉक काढला आणि तिचा हात तसाच थांबला. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळच्या मऊ मांसावर डाग होते. एक पिवळा पडलेला, एक हिरवट, एक ताजा निळा. पोरं धडपडली की गुडघे फुटतात, कोपरं खरचटतात. पडून काखेत कुणाला लागत नाही, हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मावशी, सांगू नको," चिमणी म्हणाली. मग डागावर बोट ठेवून, रंगांची नावं सांगावीत तसं सांगू लागली. "हे दुधाचं. हे चावल्याचं. हे झोपले नाही त्याचं."

दूध सांडल्याचं दाराशी कुणी सांगितलं होतं? मावशीने. चावल्याचं? मावशीने, वर नक्कल करून दाखवली होती. झोपली नाही हे कालच सांगितलं होतं, आणि तो हसून म्हणाला होता, "बघतो हं घरी." त्या पेपरमिंटच्या वासाची, त्या चॉकलेटांची आणि स्वतःच्या जिभेची मावशीला अशी शिसारी आली की नळ सोडून ती बेसिनवर वाकली. मग तोंड धुऊन तिने चिमणीला कोरडा फ्रॉक घातला. खोदून एक प्रश्न विचारला नाही. "तू काही वाईट केलं नाहीस. मला सांगितलंस ते बरं केलंस. आता हे मी मदत करणाऱ्या माणसांना सांगणार आहे," एवढंच म्हणाली.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि आधी खोलीचं दार लावलं. "तिळाचा ताड करू नकोस. चांगल्या घरचा माणूस आहे. उद्या पाळणाघराचं नाव गेलं तर? आज तो आला की मीच गोडीत विचारते त्याला."

"त्याला विचारायचं म्हणजे त्याला सांगायचं," मावशी म्हणाली. "आणि त्याला सांगितलं की काय होतं ते मी आत्ता बघून आले."

"म्हणून एकदम बाहेरच्यांना कळवायचं? थोडं थांबून बघू."

"पोरीच्या दंडावर बघायचं का थांबून?"

बाई टेबलावरचे कागद नीट लावू लागल्या. गप्प बसणं त्यांना छान जमायचं, आणि त्याचीही मावशीला किळस आली. भिंतीवर बालसंरक्षण कक्षाचा नंबर होता. बाईंनी त्यावर शोभेची फुलं टांगली होती. मावशीने फुलं काढून टेबलावर टाकली आणि नंबर फिरवला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "आम्ही निघतोय. वडिलांना काही कळू देऊ नका. आणि मुलीला त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका."

पण बाप आज लवकर आला. तोच शर्ट, तोच वास. "काय मावशी, राणीसरकारांचा पराक्रम?"

त्या हसऱ्या तोंडाकडे बघताना मावशीला झुरळ गिळल्यासारखं झालं. तरी तिने दाराला टेकून रेडिओ लावला. राणीसरकार आत चित्र रंगवताहेत, एवढं झालं की येतील. मग मोरीचा नळ कसा गळतो, प्लंबर कसा आज येतो उद्या येतो करतो, आपला गुडघा कसा कुरकुरतो, शेजारीण गुडघ्याला कसलं तेल सांगते. बाप घड्याळ बघू लागला. मावशी तेलाकडून भाचीच्या लग्नाकडे वळली. चिमणीबद्दल एक अक्षर नाही. आयुष्यभर सगळ्यांना पिडणारी ही जीभ आज पहिल्यांदा कुणाच्या कामी येत होती.

"पुरे आता. तिला बोलवा," तो म्हणाला. हसू गेलं होतं, आणि त्या हसण्याखाली काय होतं ते मावशीला स्वच्छ दिसलं. ती दारातून हलली नाही.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. साध्या कपड्यांतली अधिकारी बाई आणि एक महिला पोलीस उतरल्या, त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या आणि त्याला ऑफिसात घेऊन गेल्या. जाताना त्याने मावशीकडे असं पाहिलं, जणू गुन्हा तिनेच केला होता.

मावशी आत गेली. चिमणी खिडकीखाली बसली होती, हातात खडू तसाच. तिने सगळं पाहिलं होतं.

"मावशी, सांगितलंस?"

"सांगितलं गं."

चिमणी जराही रडली नाही. तिने खडू खाली ठेवला, फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि दंड पुढे केला.

"सांगितल्याचं कुठे?" तिने विचारलं.

मावशीने ती बाही हलकेच खाली केली. मग खाली ठेवलेला खडू उचलून तिच्या हातात दिला.