खंडेनवमीचा नारळ

वाळूजच्या त्या कारखान्यात रीतच होती. खंडेनवमीला पहिल्या प्रेसवर नारळ फोडायचा तो सगळ्यात जुन्या कामगारानं, अन् तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाय. हा मान सर्जेरावचा.

पण यंदा सर्जेराव दात खाऊन बसला होता. जूनमध्ये पुण्याच्या कंपनीनं कारखाना विकत घेतला. "नव्या कंपनीत नावं चढवायचीत," असं सांगून एचआरच्या विश्वजीतनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या. निघाले राजीनामे! बावीस वर्षांची नोकरी पुसली, ग्रॅच्युइटी पुन्हा शून्यापासून. कामगार कोर्टात गेले, तर तिथंही ह्यानं लिहून दिलं की ही सगळी नवीन भरती आहे. अन् हा विश्वजीत कोण? शिकाऊ म्हणून आला तेव्हा सर्जेरावच्या डब्यातली भाकरी खाणारा! तोच तोंडावर म्हणाला, "कागदावर तुम्ही जूनचेच, काका." सर्जेरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याला सोडायचा नाय, त्यानं तेव्हाच ठरवलं अन् सगळ्यांना पढवून ठेवलं.

खंडेनवमीला प्रेसवर झेंडूचे हार चढले. नव्या मालकीण प्रेरणा मॅडम पहिल्यांदाच आल्या होत्या. विश्वजीतच्या हातात माईक, समोर कंपनीचाच कॅमेरा. पुण्याचं ऑफिस सगळं थेट बघत होतं.

"या सर्जेराव, फोडा नारळ!"

सर्जेरावनं हात जोडले. "मी कसा फोडू साहेब? मी जूनमध्ये लागलेला. जुन्या माणसाला बोलवा."

विश्वजीत कसंनुसं हसला. "बरं, फकिरा, तू ये."

"म्या बी जूनचाच की."

"धोंडिबा?"

"व्हय, म्या बी नवाच."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सगळे नवेच, मग जुने म्हणून यांना का बोलावताय?"

विश्वजीतला घाम फुटला. "अहो, नाटकं कसली करता!" तो माईकवरच खेकसला. "बावीस वर्षं झाली तुम्हाला या प्रेसवर! एक दिवस तरी खंड पडलाय का? अख्ख्या वाळूजला ठाऊक आहे!"

सर्जेरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"लई झ्याक बोललात साहेब," तो म्हणाला. "कोर्टात बी असंच बोला. आमचे वकील हेच रेकॉर्डिंग दाखवणारेत."

मॅडमनी आधी कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग विश्वजीतकडं. "मला तर तुम्ही सांगितलं होतं, जुने लोक आपखुशीनं सोडून गेले." मॅडमनी स्वतः नारळ उचलून सर्जेरावच्या हातात दिला. "फोडा. तुमचाच मान आहे."

विश्वजीत जवळ सरकला. "काका, सांभाळून घ्या," तो हळूच म्हणाला. "नोकरी जाईल माझी. लेकरंबाळं आहेत घरी."

हेच तर ऐकायचं होतं! सर्जेरावला त्याची दया औषधालासुद्धा आली नाय.

"लेकरंबाळं आम्हाला बी होती की," तो म्हणाला. "अन् माझं कोण ऐकणार साहेब? मी तर जूनचा."

विश्वजीतच्या डोळ्यांत बघत त्यानं एका दणक्यात नारळ फोडला.