काळी चार

भागवत मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ते नुसते बसून राहिले. आज त्यांच्या हातांना काम नव्हतं. समोर सोमेश लॅपटॉपची वायर स्पीकरच्या मागे खोचत होता. बजरंग तबलजीनं तबल्यावर फडकं टाकलं होतं आणि तो निवांत तंबाखू मळत होता.

"यंत्रच गाणार, यंत्रच वाजवणार," बजरंग म्हणाला. "आपण काय करायचं, मास्तर? टाळ्या पिटायच्या?"

"टाळ्यांचं पण यंत्र असतं, काका," सोमेश वायरीतून मान वर न काढता म्हणाला.

"असंल बाबा. मग घरी जाऊन झोपतो."

नांदेडच्या गोदातट संगीत मंडळीचा एक रिवाज होता. हंगामात एक जुनं नाटक आणि एक नवं. जुन्याचा प्रश्न कधी पडत नसे. ते ‘संगीत वसंतवल्लरी’च असायचं आणि त्यातली राजकन्या वल्लरी पार्वतम्माच असायच्या. देगलूरहून लग्न होऊन आलेल्या ह्या बाईनं ही भूमिका इतकी वर्षं केली होती, की भाजीवालेसुद्धा तिला कोथिंबिरीची जुडी देताना "घ्या राजकन्या" म्हणत. नव्या नाटकावर मात्र दरवर्षी कुरकुर व्हायची. यंदाचं नाटक सोमेशनं लिहिलं होतं, चालीही त्याच्याच. लातूरला शिकवणीसाठी येऊन राहणारी पोरं आणि त्यांना जेवू घालणारी एक म्हातारी मेसवाली, एवढीच गोष्ट. ‘संगीत मेसवाली’ हे नाव ऐकल्यावर मंडळीचे सचिव आनंदराज म्हणाले होते, "नांदीत काय म्हणायचं मग? वरण वाढा, वरण वाढा?" सगळे हसले होते. पण पार्वतम्मांनी ते नाटक शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मेसवाली आपण करणार म्हणून सांगून टाकलं.

"राजकन्येच्या गुडघ्याला पट्टा बांधून किती पळू?" त्या म्हणाल्या होत्या. "मेसवालीला बसून तरी गाता येतं."

आता त्या मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या. सोमेशनं गाण्याचा ट्रॅक हैदराबादला स्टुडिओत करून आणला होता. बासरी, सारंगी, मागे मुलांचा कोरस. त्यानं बटण दाबलं आणि तालमीचा तो मोडका हॉल सुरांनी भरून गेला. बजरंगाचा मळणारा हातही थांबला.

पार्वतम्मांनी डोळे मिटले आणि गाणं उचललं. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ वरच्या सा कडे चढायला लागली तशी त्यांची मान ताणली गेली, आवाज बारीक झाला आणि पोहोचायच्या आतच फाटला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "थंड पाणी पिले मगाशी."

सोमेशनं पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच फाटला.

"अम्मा, तुमच्याच पट्टीत केलंय," सोमेश हळूच म्हणाला. "काळी चार. आनंदराजकाकांना विचारून घेतलं होतं मी."

"काळी चारच की. दुसरी कोणती असंल?" पार्वतम्मा म्हणाल्या. मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, ते राहू द्या. तुम्ही द्या मला काळी चार. तुमच्या पेटीवर लागतंय की."

बजरंगानं मास्तरांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मास्तरांचे हात झाकणावरच राहिले. "ऑर्गनचा पायटा अडकलाय, अम्मा," ते म्हणाले. "सकाळपासून हवाच धरून नाही राहिला."

पार्वतम्मांनी गुडघ्यावर हात टेकला. मग पदर सारखा करून उठल्या. "म्हंजे गेला म्हणायचा आवाज. परवापर्यंत होता." दाराशी बसलेल्या आनंदराजांपाशी थांबून त्या म्हणाल्या, "वल्लरी पण त्या सखी करणाऱ्या उज्वलाला द्या ह्या साली. स्टेजवर फाटला तर लोक काही बोलणार न्हाईत, पण मला कळंल."

चपला घालताना त्यांचा हात भिंत शोधत होता.

मास्तर रविवारी लहान मुलांना पेटी शिकवत. पहिल्या दिवशी ते मुलांना सांगत, पेटी म्हणजे जिना आहे. पांढऱ्या पायऱ्या, काळ्या पायऱ्या. ह्यातली कोणती पायरी आपलं घर, ते ज्याच्या त्याच्या गळ्यानं ठरवायचं. एकदा घर ठरलं की बाकीच्या पायऱ्या तिथून मोजायच्या. मुलं आळीपाळीनं आपापलं घर शोधत आणि सापडलं की ओरडत. पार्वतम्मांचं घर होतं काळी चार. त्या पायरीवरून त्या वर चढायच्या तेव्हा मंडपाच्या बाहेर उसाचा रस विकणाराही चरक थांबवायचा.

मग एका हंगामात मास्तरांना दिसलं, की वरच्या सा ला जाताना अम्मांची मान किंचित उचलली जाते. ऐकणाऱ्याला काही कळत नव्हतं. पण मास्तरांना त्या मानेची सवय होती. पावसाळ्यात मंडळीचे प्रयोग बंद असतात. पावसाळा संपून पहिली तालीम लागली, अम्मा म्हणाल्या, "मास्तर, काळी चार," आणि मास्तरांनी शेजारची खालची पट्टी दाबली. पांढरी पाच. बजरंगानं भुवई उचलली. मग हातोडी घेतली आणि मुकाट्यानं तबला त्या पट्टीत उतरवला. अम्मांची मान सरळ राहिली. त्या खूश होत्या. म्हणाल्या, विश्रांतीनं आवाज मोकळा झाला.

आणखी काही वर्षांनी काळी तीन. त्यानंतर पांढरी चार. प्रत्येक वेळी पावसाळा मध्ये घालून. अम्मांच्या घरी एक जुनी पेटी होती. तीही मास्तर दुरुस्तीच्या नावानं घेऊन जायचे, आतल्या सूरपट्ट्या एकेक काढून एक घर सरकवून बसवायचे, म्हणजे काळी चार दाबली तरी खालचा सूर वाजावा, आणि झाडून पुसून परत आणून द्यायचे. बाई झोपेत असताना घरच एक पायरी खाली उतरवावं, तसं हे चाललं होतं. त्यात आपण काही वाईट करतोय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आनंदराज निघून गेल्यावर सोमेश ऑर्गनपाशी आला. त्यानं झाकण उघडलं, बसून पायानं हवा भरली. पायटा चांगला चालत होता. त्यानं सूर दाबून बघितला, मग बजरंगाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. तो मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता. त्याला सांगावं लागलं नाही.

"कितीवर आहेत अम्मा?" त्यानं विचारलं.

"पांढरी चार," बजरंग म्हणाला.

सोमेशनं थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "मग काय अवघड आहे, मास्तर? ट्रॅक खाली आणता येतो. बासरी जरा जाड वाटेल, पण चालतंय. उद्या त्यांना सांगू, स्पीकर खराब होता. त्यांना कळणार पण नाही."

"कळणार न्हाई," मास्तर म्हणाले.

"मग झालं तर."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. ह्या पोराला त्यांनी बोट धरून सा दाखवला होता. पट्टी चुकली की चुकली म्हणायची, लपवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. आणि आता तो किती सहज, किती मायेनं बोलत होता. नेमकं आपल्यासारखंच.

"तू थांब," ते म्हणाले. "मी जाऊन येतो सकाळी."

सकाळी पार्वतम्मांचं दार उघडंच होतं. आत जमिनीवर पेटी मांडलेली होती, तिच्या शेजारी वाटीला टेकवून मोबाइल उभा केलेला. मोबाइलमधून तंबोरा वाजत होता. सोमेशनंच कधीतरी तो त्यांना काळी चारवर लावून त्यात घालून दिला होता. अम्मांनी आजवर त्याला हात लावला नव्हता. त्यांचं एक बोट पेटीच्या काळी चारवर होतं, आणि दोन सूर त्या लहान खोलीत एकमेकांना चिकटत नव्हते.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. बोट उचललं नाही. "आता एवढंच सांगा. फोन खोटा का पेटी खोटी?"

मास्तर उंबऱ्यावरच थांबले.

"पेटी," ते म्हणाले.

अम्मांनी बोट काढलं. तंबोरा एकटाच वाजत राहिला. मास्तर आत येऊन भिंतीला टेकून बसले.

"कामून?"

"वर जाताना मान उचलायला लागला होतात."

"मान?" त्यांनी आपला हात गळ्याशी नेला, जणू ती अजून उचललेली आहे की काय ते बघायला. "बजरंगाला ठाऊक?"

"हाव."

"अय्यो. म्हंजे अख्ख्या मंडळीत मीच एक बहिरी."

"बहिऱ्या न्हाई, अम्मा. मी सूर देत होतो, तुम्ही घेत होतात. देणाऱ्यानंच..."

"लातूरला वन्समोअर पडला. लोक उभं राहिले होते. तो?"

"काळी तीन."

"जळकोटला शाल दिली ती?"

"पांढरी चार."

पार्वतम्मा हसल्या. त्या हसण्यात राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी मोबाइल बंद करायचा प्रयत्न केला. तो होईना, तेव्हा मास्तरांकडे सरकवला. मास्तरांनी तंबोरा बंद केला. शेजारच्या घरात कुणीतरी पोळ्या लाटत होतं, त्याचा आवाज येऊ लागला.

अम्मा उठल्या, चहा टाकला. पाठमोऱ्याच बोलू लागल्या.

"सोमेशला म्हणावं, ते हैदराबादचं गाणं खाली घे. मेसवाली मी करते. दिवसभर चुलीम्होरं बसलेल्या बाईचा आवाज काय वर जातोय? तिला पांढरी चार बरी दिसंल."

"आणि वल्लरी?"

"उज्वलाला."

"अम्मा, वल्लरी अजून तुम्ही करू शकता. आता तर सगळं उघडच हाय. पांढरी चारमध्ये..."

"मास्तर." त्या वळल्या. हातात चहाची गाळणी होती. "मी म्हातारी झाले म्हणून मला खाली आणलं, ठीक हाय. त्या वल्लरीला कामून खाली आणायचं? ती अजून अठरा वर्षांचीच हाय. उज्वलाला खऱ्या काळी चारवर उभी करा. लवकर करा. तिचा गळा आताच हाय, मग न्हाई."

"बरं," मास्तर म्हणाले.

"मी म्होरं बसून बघीन. वसंतवल्लरी मी कधी म्होरून बघितलंच न्हाई."

त्यांनी कप मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि आपला घेऊन समोर बसल्या. चहा प्यायचा आवाज तेवढा होत होता. मग अम्मांनी विचारलं, सहज, बसची वेळ विचारावी तसं.

"शेवटची कवा होती? खरी."

मास्तरांना आठवावं लागलं नाही. "मुखेडला. जत्रेतला खेळ. वारं लई होतं, मागचा पडदा दोरीनं बांधला होता. तिसऱ्या अंकातलं पद. त्या दिवशीही मान उचललीत. पण लागला होता, अम्मा. वरचा सा स्वच्छ लागला होता."

"मुखेड." अम्मांनी डोळे बारीक केले. "हाव, आठवते. गर्दी होती." त्या जरा वेळ त्या वाऱ्यातच बघत राहिल्या. "त्या दिवशी मी उडदाची डाळ भिजू घालून तशीच आले होते. ध्यानात आलं ते बस सुटल्यावर. अख्खं पद गाताना डोक्यात तीच. आंबंल, वास येईल, फेकावी लागंल."

मास्तरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

पार्वतम्मांनी कप खाली ठेवला.

"शेवटची हाय म्हणून त्या दिवशी कुणी सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "जरा कान देऊन ऐकलं असतं मी."