वरची बर्थ

बोट गच्च भरू दे म्हणून सगळ्या जणी देवाला साकडं घालायच्या, आणि एकटी नित्सिया उलटं मागणं मागायची. एक केबिन रिकामी राहू दे, देवा. फार नकोत, एक पुरे.

हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावर केबिन झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बायकांचं पोट भरलेल्या केबिनवर चालायचं. माणूस आला तर उतरताना उशीखाली काहीतरी ठेवून जाणार. रिकाम्या केबिनच्या उशीखाली कोण काय ठेवणार?

बोटीचं नाव गोलोंद्रिना. दर शनिवारी ती कोलोनच्या धक्क्यावरून निघायची आणि कार्ताहेना, अरुबा, लिमोन अशी चक्कर मारून पुढच्या शनिवारी पुन्हा कोलोनला यायची. कोलोन म्हणजे नित्सियाचं गाव. वरच्या डेकवरून तिच्या आईच्या गल्लीतले गंजके पत्रे दिसायचे. पण शनिवार असा मेला दिवस, की सकाळी जुने पाहुणे उतरणार आणि दुपारी नवे चढणार. मधल्या वेळात सगळ्या केबिन लख्ख करायच्या, त्यामुळे त्या दिवशी बोटीवरून उतरायची कुणालाच मुभा नसे. बाकीच्या बंदरांत थोडा मोकळा वेळ मिळायचा. अरुबाची वाळू नित्सियाने पालथी घातली होती. आपल्या घराचा उंबरा मात्र तिने मार्चपासून ओलांडला नव्हता, आणि त्या उंबऱ्याच्या आत तिची पाच वर्षांची आरेलिस होती.

कंपनीची एक रीत होती. कामगाराच्या घरच्यांना आठवडाभर बोटीवर आणता यायचं, तेही जवळपास फुकट. आईने आपल्या लेकरासोबत त्याच केबिनमध्ये झोपायचं, काम संपल्यावर एकत्र जेवायचं, सगळं चालायचं. अट एवढीच, की केबिन उरली पाहिजे. आणि उरली की नाही ते कळायचं शेवटचा पाहुणा चढल्यावर. तोवर घरच्यांनी सामानासकट धक्क्यावरच्या बाकड्यावर बसून राहायचं. म्हणून कामगार या रीतीला 'बाकडं' म्हणायचे. "तुझं बाकडं कधी?" असं एकमेकींना विचारायच्या.

नित्सियाचं बाकडं ऑक्टोबरात होतं. मुद्दामच. पावसाचे दिवस, शाळा चालू, फिरायला कोण येतंय? खालच्या मजल्यावरच्या कितीतरी केबिनना आठवडेच्या आठवडे कुलूप असायचं.

"तुझ्या देवाला म्हणावं, तुझ्या बाजूच्या रिकाम्या कर, माझ्या बाजूला हात लावू नकोस," दिल्सिया म्हणायची. ती होंडुरासमधल्या ला सेइबाची. दोघी एकाच खोलीत राहायच्या. "मला तिघांची तोंडं भरायची आहेत, बाई."

"तुला कुणी सांगितलं मी काय मागते ते?"

"झोपेत बडबडतेस. मला पाठ झालंय आता."

त्यांच्या वरचे आन्सेल्मो साहेब बोकासचे, केळीच्या मळ्यात वाढलेले. कुठलीही गोष्ट केळीवर नेल्याशिवाय त्यांना समजावून सांगता यायची नाही. नित्सियाने एकदा त्यांना विचारलं, "साहेब, एवढी मोठी कंपनी, दोन केबिन रिकाम्या राहिल्या तर बिघडलं कुठे? शेवटच्या आठवड्यात एवढं स्वस्त करून विकतात कशाला?"

"रिकामी केबिन म्हणजे पिकलेली केळी," आन्सेल्मो म्हणाले. "शनिवारी धक्का सुटला की तिला कुत्रं विचारत नाही. सोमवारी भर समुद्रात कोण चढणार आहे? आणि केबिन रिकामी असली म्हणून इंजिन काय कमी तेल पितं? तुझा पगार कमी होतो? मग पडेल भावात का होईना, माणूस आत घ्यायचा. एकदा आत आला की आपलाच. दारू पिईल, फोटो काढून घेईल, बायकोला कानातलं घेईल."

"आणि पोरांना फुकट?"

"पोर फुकट म्हणून तर बाप येतो. आणि पोर आइस्क्रीमच्या गाड्यापुढे फतकल मारून बसलं की बाप जाणार कुठे? आधीपासून स्वस्त केलं तर पूर्ण भाव मोजणारे बोंब मारतील. म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत गप्प बसायचं, आणि मग कोलोनमध्ये हाळी द्यायची. इथली माणसं, काय, पिशवी उचलली की धक्क्यावर."

नित्सियाला हे फार आवडलं. त्या रात्री फोनवर तिने ते जसंच्या तसं, केळीसकट, आईला सांगितलं. सांगायला दुसरं होतं तरी काय? आरेलिस जेवली का, खोकला गेला का, हे विचारून झालं की फोनमध्ये शांतताच उरायची. आणि शेवटी ती म्हणाली, "आई, अख्खा मजला रिकामा आहे गं. या वेळी नक्की."

तिची आई एनेइदा सकाळी दारात कढई मांडून मैद्याचे ओहाल्द्रे तळायची. अर्धी गल्ली तिच्याकडे नाश्त्याला. लेक बोटीवर असल्याचा अभिमान कढईतल्या तेलासारखा सारखा वर यायचा. "आत्ता तिकीट काढू नका," ती गिऱ्हाइकांना सांगू लागली. "खालचा मजला रिकामा आहे, माझी नित्सिया म्हणाली. शेवटच्या आठवड्यात भाव पडतो. पोरांना तर फुकट. थांबा जरा." गल्ली थांबली. शेजारच्या गल्लीला कळलं, तीही थांबली.

बाकड्याच्या शनिवारी दुपारी नित्सिया हातात चादरींची चळत घेऊन जिन्याशी उभी होती. वरून आवाज आले. तो आवाज परक्या पाहुण्यांचा नव्हता. असं हेल काढून, एकमेकांना हाका मारत, जिन्यात मध्येच थांबून भांडत कोलोनचीच माणसं चालतात. न्हावी आला, त्याच्या मागे त्याची सासू आली. औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी आल्या. आणि सगळ्यांत शेवटी, डोक्याला कर्लर तसेच ठेवून, भिंतीला भिंत लागून राहणारी सिओमारा, तिचा नवरा आणि मुलगा केइनेर.

"नित्सिया, पोरी," सिओमाराने तिला चादरींसकट मिठीत घेतलं. "किती वाळलीस गं. खायला घालत नाहीत का तुला? तुझ्या आईचे उपकार बघ. तिने सांगितलं म्हणून आम्ही थांबलो."

दिल्सियाने पलीकडून नित्सियाकडे पाहिलं.

"सगळ्या भरल्या?" नित्सियाने विचारलं.

"माझ्याही, तुझ्याही," दिल्सिया म्हणाली.

सिओमाराला काय झालंय ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती आपल्या केबिनमधल्या पलंगावर बसलीच. "म्हणजे आई तुझी बाकड्यावर त्याच्यासाठी बसलीय? मी विचारलं तर म्हणाली, आमचं काय, आम्ही मागून येतो." मग तिने मान वर केली. केबिनमध्ये खाली दोन पलंग होते, आणि भिंतीतून उघडणाऱ्या दोन वरच्या बर्थ. एकीवर केइनेर आधीच चढून माकडासारखा लोंबत होता. दुसरी भिंतीत बंद होती. "ही रिकामीच आहे की. पोरांना फुकट म्हणाले ना? मग आरेलिस माझ्याबरोबर."

आन्सेल्मो साहेबांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "होईल. आजी धक्क्यावर आहे, ती संमती देईल. काउंटरवाले नाही म्हणणार नाहीत, त्यांना पोर म्हणजे आइस्क्रीम. पण नित्सिया, नीट ऐक. मग ती तुझ्या घरची नाही, या बाईची पाहुणी. ती केबिन पाहुण्यांची. तू आत जायचं ते कामापुरतं. तिच्याबरोबर जेवण नाही, पोहायच्या तलावाशी नाही, रात्री तर नाहीच. नियम मी केलेला नाही. आणि हे घेतलंस तर पुन्हा बाकडं मिळायला वर्ष जाईल. हवं तर आज तिला घरी पाठव, नाताळनंतर मी तुझं नाव पुन्हा लावतो."

'घरी पाठव'च्या पुढचं तिला ऐकूच आलं नाही. "येऊ दे," ती म्हणाली.

एनेइदाने फोनवर फार विचारलं नाही. या प्रवासासाठी तिने नवीन चपला घेतल्या होत्या, हे नित्सियाला सिओमाराकडून कळलं. "माझं काय गं," आई म्हणाली, "मला पाण्यावर मळमळतं. आणि कढई कोण बघणार? पोरीच्या पिशवीत खोकल्याचं औषध आहे. गल्लीभर सांगत सुटले, माझंच तोंड आधी जळायला हवं होतं." आणि तिने फोन ठेवला.

पहिल्या दिवशी आरेलिस आईच्या कमरेला जी चिकटली ती सोडेना. नित्सियाने एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने आरसा पुसला. तिच्या केसांना घरचा वास होता, नारळाच्या तेलाचा आणि तळणीचा. पण पुढे तेरा केबिन वाट पाहत होत्या, आणि मार्गिकेतून आन्सेल्मो साहेब मुद्दाम खोकत गेले.

मग तिने एक युक्ती केली. त्या केबिनला ती सकाळी सगळ्यांत शेवटी जायची, म्हणजे पुढची घाई नको. न्हाणीघराची फरशी दोनदा पुसायची. आरेलिस पलंगावर बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायची. मांजरीला पिल्लं झाली. केइनेर रात्री घोरतो. अरुबाला तिने मोठा सरडा पाहिला. सरड्याची गोष्ट अर्धी राहिली, कारण सिओमारा तिला पोहायला न्यायला आली. दुसऱ्या दिवशी नित्सियाने विचारलं, "सरड्याचं पुढे काय झालं?" आरेलिसला आठवेना.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोर रमली. रमावं हेच तर हवं होतं. ती दार उघडून उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, आमच्याकडे दोन टॉवेल जास्त द्या हं," आणि केइनेर आणि ती खिदळायची. नित्सियाही मान लववून म्हणायची, "होय, मॅडम." दार लावून घेतल्यावर ती थोडा वेळ हातातले टॉवेल उगीच पुन्हा घडी करत राहायची.

संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की दुसरी फेरी असायची. पडदे ओढायचे, पलंगावरची चादर एका कोपऱ्यातून उलगडून ठेवायची, उशीवर चॉकलेट. वरच्या बर्थवर आरेलिसची चादर नित्सिया रोज उलगडायची, पण त्या चादरीत तिला घालायची ती सिओमारा. पोरांचे खेळ संपून आरेलिस परतायची तेव्हा नित्सियाला त्या मार्गिकेत पाऊल टाकायची मुभा नसे.

शेवटच्या संध्याकाळी मुलांचा मोठा समारंभ होता, कागदी मुकुटांचा. सिओमारा सकाळीच कानाशी येऊन म्हणाली, "जेवण झालं की मी तिला आधी इकडे आणते. तू असशील ना? पंधरा-वीस मिनिटं. केइनेरच्या बापाला मी बारमध्ये बसवते, तुझ्या साहेबांनाही काहीतरी विचारत उभी राहते. झोपव तिला खोटं खोटं. मग नेते समारंभाला."

नित्सियाने दुपारचं जेवण सोडलं आणि बाकीच्या केबिन धावत उरकल्या. मग सिओमाराच्या केबिनमध्ये शिरली. पडदे ओढले. चादर उलगडली. पोरीला वर उचलायचं तर आधी आपण वर बसावं, म्हणून शिडीने चढली. बर्थवर पाठ टेकली. बोट संथ डोलत होती. उशीला घरचा वास येत होता.

"उठ गं," सिओमारा तिचा खांदा हलवत होती. "आता खरंच उठ, लोक परत यायला लागलेत."

नित्सिया धडपडत उठली. "आरेलिस?"

"येऊन गेली," सिओमारा म्हणाली. "मी तुला उठवायला गेले, तर मलाच म्हणाली, गप्प, तिला झोपू दे, ती दमलीय. तुझे बूट काढले तिने. नाडीची गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. आणि अंगावर चादर घातली, आणि इथे," तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला, "आजी लावते तसा हात लावला. मग गेली. मुकुट करायचा होता ना."

बूट शिडीच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. नित्सियाने ते घातले. बर्थ पुन्हा नीट केली, चॉकलेट पुन्हा ठेवलं, आणि बाहेर पडली.

सकाळी कोलोनच्या धक्क्यावर पाऊस होता. मार्गिकेत पिशव्यांची गर्दी. आरेलिस मुकुट घालूनच निघाली होती.

"तुझी पिशवी कुठंय?" तिने विचारलं.

"कसली पिशवी, बाळा?"

"सगळे उतरतायत ना. फिरणं संपलं."

सिओमारा दुसरीकडे बघू लागली. नित्सिया गुडघ्यांवर बसली. "मला या चादरी काढायच्यात. दुपारी दुसरे लोक येतील."

पोर मुकुट केइनेरच्या हातात देऊन शिडीने वर चढली, आणि आपल्या बर्थवरची चादर ओढून काढून, गोळा करून, खाली आईच्या हातात टाकली. मग उशीचा अभ्रा. तो निघायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

"झालं. आता चल," ती म्हणाली.

"आजी वाट बघतेय," नित्सिया म्हणाली. "मी फोन करते."

"आज?"

"आज."

जिन्यावरून तिचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग गल्लीच्या आवाजात मिसळून गेला. दिल्सिया समोरच्या केबिनमधून बाहेर आली, नित्सियाच्या हातातली निम्मी चळत आपल्या हातात घेतली आणि परत आत गेली.

दुपारी त्या केबिनमध्ये दोनच जण येणार होते. नवरा-बायको, मुलं नाहीत. नित्सियाने खालचे दोन पलंग घातले. मग वरची बर्थ उचलून भिंतीत सरकवली आणि ती पुन्हा उघडू नये म्हणून किल्ली फिरवली.